‘झोनल’ची कुळकथा

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फौंड्रीच्या फाटकाशी पाळी बदलण्याच्या वेळी थोडे थांबले, तर कोणी मोल्डर, कोणी फिटर, कोणी स्टोअरचा कारकून आपल्या तरुणपणाची ओळख ‘मी झोनल खेळलोय’ एवढ्याच शब्दांत करून देताना ऐकू येतो. त्यात पदवीचा, गुणांचा किंवा महाविद्यालयाच्या नावाचाही उल्लेख नसतो, आणि तरीही ऐकणाऱ्याच्या मनात त्या माणसाची पायरी तत्काळ निश्चित होते. झोनल, म्हणजे विद्यापीठाच्या हद्दीतील एका विभागाचे सामने, खेळलेला एक; इंटरझोनल, म्हणजे त्या विभागांचे आपसांतील सामने, खेळलेला त्याच्या वरचा; आणि ज्याच्या अंगावर विद्यापीठाचा ब्लेझर चढला तो सर्वांच्या वरचा. माझ्या परिचयातील एका स्टोअरकीपरने तो ब्लेझर अद्याप डांबराच्या गोळ्या घालून पेटीत जपून ठेवला आहे. गडद निळे कापड, खिशावर जरीने भरलेले विद्यापीठाचे बोधचिन्ह, त्याखाली ‘कबड्डी’ आणि वर्ष; जर काळवंडली आहे, एक गुंडी बदललेली आहे, आणि कापडाची घडी जेथे पडते तेथे निळा रंग विटून राखी झाला आहे. लग्नातसुद्धा त्याने तो कोट घातला होता, असे तो अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान मला सर्वस्वी रास्त वाटतो.

ही तीन पायऱ्यांची वहिवाट आली कोठून, असा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, कारण ती विद्यापीठांइतकीच जुनी असावी असे आपण गृहीत धरतो. वास्तविक मुंबई विद्यापीठ १८५७ चे, आणि जिच्या नमुन्यावर ही वहिवाट बेतली गेली असे मला वाटते, ती देश चार विभागांत वाटून खेळण्याची पद्धत त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी सुरू झाली. १९३४ साली क्रिकेट नियामक मंडळाने रणजी करंडकाची स्पर्धा सुरू केली, तेव्हा अंतर फार व रेल्वेचा प्रवास लांबचा म्हणून उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे चार विभाग पाडून प्रत्येक विभागाचा विजेता आधी ठरवावा अशी योजना केली. आणि लगेच पुढल्या वर्षी, १९३५ साली, आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ बारिया नामक पारशी गृहस्थांनी दिलेल्या करंडकासाठी विद्यापीठांची क्रिकेट स्पर्धा सुरू झाली. हाच तो रोहिंटन बारिया करंडक. मला जो धागा अवचित गवसला तो असा, की ही विद्यापीठांची स्पर्धा पहिली काही वर्षे विद्यापीठांच्या नव्हे, तर त्याच क्रिकेट नियामक मंडळाच्या देखरेखीखाली भरत असे, आणि १९४०-४१ च्या सुमारास ती आंतरविद्यापीठ क्रीडा मंडळाच्या हवाली झाली. म्हणजे ज्या हातांनी रणजी करंडकासाठी देशाची वाटणी केली, त्याच हातांनी विद्यापीठांच्या खेळाची पहिली घडी बसविली. कबड्डी, खो-खो, कुस्ती, व्हॉलीबॉल या सर्वांच्या अंगावर आज जो ‘झोन’चा अंगरखा आहे, तो मुळात क्रिकेटच्या मापाने बेतलेला आहे, असे माझे ठाम मत आहे.

या मताला दोन प्रतिस्पर्धी आहेत, आणि दोन्ही वरवर पाहता माझ्याहून बलवान वाटतात. पहिला पक्ष म्हणतो, की झोन ही रेल्वेची देणगी. १९५१ व १९५२ मध्ये देशातील लहानमोठ्या रेल्वे कंपन्या आणि संस्थानी लोहमार्ग एकत्र करून सरकारने जे झोन बनविले, त्यांच्यामुळे हा शब्द घरोघर पोचला. शब्द पोचला असेल. परंतु रचना तेथून आलेली नाही, याचा पुरावा खुद्द कोल्हापुरात आहे. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला आणि त्याचा कारभार सदर्न मराठा कंपनीकडे, पुढे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे राहिला. १९५१ मध्ये ही कंपनी दक्षिण रेल्वेत विलीन झाली. विद्यापीठांनी रेल्वेचा नकाशा समोर ठेवून विभाग पाडले असते, तर कोल्हापूरचा खेळाडू मद्रास व म्हैसूरच्या पंक्तीला बसला असता. तो बसला नाही. तो पश्चिम विभागातच राहिला, आणि रणजी करंडकाच्या पहिल्या वर्षी महाराष्ट्राचा संघही पश्चिम विभागातच होता.

दुसरा पक्ष १९५६ च्या राज्य पुनर्रचनेकडे बोट दाखवितो. त्या वेळी केंद्राने ज्या विभागीय परिषदा नेमल्या त्या पाच होत्या, चार नव्हेत; त्यांत मध्य विभाग स्वतंत्र होता आणि राजस्थान उत्तर विभागात गेला होता. उलट आजही विद्यापीठांच्या स्पर्धांत सामान्यतः चारच विभाग दिसतात, मध्य विभाग दिसत नाही, आणि जोधपूर, इंदूर, ग्वाल्हेरची विद्यापीठे आपल्याबरोबर पश्चिमेस खेळतात. खुद्द क्रिकेटनेही पुढे मध्य विभाग निर्माण केला. विद्यापीठांनी मात्र १९३४ चे चार कोन सोडले नाहीत. वाडा पडून त्याजागी नवी इमारत उठली, तरी जुन्या जोत्याची रेघ जमिनीत राहते, तसा हा प्रकार आहे. चार दिशा कोणालाही सुचतील, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु ज्या स्पर्धेचे पालकत्व वर्षापूर्वीच चार विभाग पाडणाऱ्या मंडळाकडे होते, तिच्याबाबत योगायोगाचा आधार घेण्याची गरज मला भासत नाही.

याच्याही मागे जावयाचे, तर मुंबईच्या जिमखान्यांच्या धर्मवार क्रिकेट सामन्यांची गोष्ट काढावी लागते; ती सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ मध्ये हिंदू, १९१२ मध्ये मुसलमान, आणि १९३७ मध्ये या चौघांतही न बसणाऱ्यांचा पाचवा संघ. त्या पाचव्या संघाचे नावच ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले, असे होते. ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन अशा मंडळींची ती मोट, आणि तिच्यातला सर्वांत मोठा फलंदाज आपल्या शेजारच्या सांगलीचा, विजय हजारे. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध या उरलेल्यांनी दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या. त्यांचे बंधू विवेक हजारे यांनी दुसऱ्या टोकाला उभे राहून तीनशे धावांच्या भागीदारीत २१ धावा केल्या. सामना डावाने गेला. मला या आकड्यांत पराक्रमाइतकीच एक व्यवस्थात्मक गोष्ट दिसते: ज्या संघाची भरती शिल्लकीतून होते, त्याला एक अलौकिक खेळाडू लाभू शकतो, परंतु अकरा मिळत नाहीत.

धर्माची वाटणी मोडून मुलुखाची वाटणी आली, ही निःसंशय प्रगती होती. पण शिल्लक राहावयाची ती राहिलीच. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्रातर्फे नाबाद ४४३ वर खेळत होते, ब्रॅडमनच्या ४५२ या विक्रमास अवघ्या नऊ धावा कमी होत्या, आणि उपाहाराच्या वेळी काठियावाडच्या राजकोटकर कर्णधाराने सामना सोडून दिला. निंबाळकरांवर अन्याय झाला, हे या हकीकतीचे नेहमीचे तात्पर्य, आणि ते खरेच आहे. परंतु दोनतीन वर्षांतच काठियावाडचा संघ सौराष्ट्रात विरून नकाशावरूनच नाहीसा झाला, ही बाब मात्र क्वचितच कोणी ध्यानात घेतो. चार गडी बाद ८२६ धावा धावफलकावर पाहत उभा असलेला तो संघ, बड्या शेजाऱ्यांच्या विभागात बसविलेल्या लहान संघाची काय गत होते, याचे मला आठवणारे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

आता कोल्हापूरकडे येतो. राजाराम कॉलेज १८८० चे. ते कोल्हापुरातच राहिले, पण त्याचा खेळाचा मुलूख दोनदा बदलला. १९४९ पर्यंत ते संस्थानी हद्दीत असूनही मुंबई विद्यापीठाचे होते. म्हणजे कोल्हापूरच्या मुलाला विद्यापीठाच्या संघात यावयाचे तर एल्फिन्स्टन, विल्सन, झेवियर्स यांच्या खेळाडूंना मागे सारून यावे लागे. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ निघाले, १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तीन आठवड्यांच्या आत राज्यही बदलले आणि विद्यापीठही. पुण्याच्या त्या विद्यापीठाकडे प्रारंभी बारा जिल्हे होते, आणि या दुसऱ्या अमलातही कोल्हापूर टोकाचेच राहिले. कुस्तीगीर खाशाबा जाधव हे याच काळातले राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, ही हकीकत कोल्हापुरात सर्वश्रुत आहे. तेथे त्यांनी मिळविलेले पदक हे स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक. आणि त्याच्या खर्चाचा मोठा भाग उभा राहिला तो कोणत्याही विभागाच्या तिजोरीतून नव्हे, एका माणसाच्या घरावर.

१९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि एका कायद्याने टोकाचे गाव मध्यवर्ती बनले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर येथील मुलांना स्वतःचा विद्यापीठ-संघ, स्वतःचा ब्लेझर, आणि पश्चिम विभागात मुंबई-पुण्यासमोर बरोबरीने उभे राहण्याची सनद मिळाली. शिरोलीच्या त्या स्टोअरकीपरचा कोट हे या फेरमांडणीचे फळ आहे. २००४ मध्ये सोलापूर वेगळे झाले, तेव्हा आमच्याकडे हळहळ झाली. परंतु सांगोला, बार्शी, पंढरपूरच्या मुलांना जे १९६२ मध्ये आम्हांस मिळाले तेच मिळाले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. खातेफोड झाली की नव्या खातेदाराच्या हाती निदान आपला सातबारा येतो.

माझी चिंता वेगळ्या फाळणीबद्दल आहे. जिल्ह्यानुसार झालेली वाटणी समजते. पण ज्ञानशाखेनुसार झालेल्या वाटणीने एकाच गल्लीतील शेजारी परस्परांना परके झाले. १९६८ मध्ये राहुरीचे कृषी विद्यापीठ झाले, तेव्हा कोल्हापूरचे कृषी महाविद्यालय तिकडे गेले. १९९८ मध्ये नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघाले, आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिकडे गेले. २०१४ च्या कायद्याने लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठास राज्यभर संलग्नता देण्याचा अधिकार मिळाला, आणि अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तो रस्ता धरला. शिवाय खासगी व अभिमत विद्यापीठे, ज्यांचा संघ झोनल-इंटरझोनलची शिडी न चढता थेट पश्चिम विभागात दाखल होतो. परिणामी एकाच रस्त्यावरची चार महाविद्यालये चार निरनिराळ्या अमलांखाली खेळतात, आणि ज्या सामन्याला सायकलवरून जाता आले असते तो सामना होतच नाही. यात हानी कोणाची? मोठ्या संस्थेची नव्हे. तिला मैदान आहे, प्रशिक्षक आहे, शिष्यवृत्ती देण्याची ऐपत आहे. हानी होते ती हातकणंगले, पन्हाळा, शाहूवाडीकडच्या दोनतीनशे मुलांच्या कला-वाणिज्य महाविद्यालयाची, जिथे शारीरिक शिक्षणाचा संचालक एकटाच सर्व खेळ सांभाळतो. तगडे प्रतिस्पर्धी निघून गेल्याने त्याच्या संघाला झोनल जिंकणे सोपे होते, आणि पुढच्या पायरीवर तो संघ कच्चा ठरतो.

अमेरिकेत हाच खेळ पैशाच्या मापाने चालला आहे. तेथे महाविद्यालये सरकारी राजपत्राने नव्हे, स्वेच्छेने संघटना बनवितात. त्यांतली ‘बिग टेन’ १८९६ पासूनची, नावात दहा आणि आज सभासद अठरा. दूरचित्रवाणीच्या कराराची रक्कम वाढत गेली, तशी २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील ‘पॅक-१२’ संघटनेतून दहा विद्यापीठे बाहेर पडली. कॅलिफोर्नियातील काही संस्था अटलांटिक किनाऱ्याच्या संघटनेत गेल्या, आणि मागे राहिली ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट, दोन्ही लहान गावांतली. ‘द रेस्ट’चेच हे आधुनिक रूप. पण पुढचा भाग अधिक उद्बोधक आहे: या दोघांनी आपली मोडकी संघटना पुन्हा उभारण्यासाठी ‘माउंटन वेस्ट’ या दुसऱ्या, दुबळ्या संघटनेतील बॉयसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट इत्यादी पाच बळकट सभासद आपल्याकडे ओढले, आणि शिल्लक तेथे ढकलली. लोणेरेची संलग्नता निवडण्याची मुभा आपल्याकडे आली, तेव्हा राजपत्राच्या पद्धतीत स्वेच्छेची ही रीतही शिरली. आपल्या क्रीडा विभागांनी तिची दखल अजून पुरती घेतलेली नाही.

कोल्हापूरपुरता उपाय मात्र कोल्हापुरातच आहे. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल उचलला, १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन स्थापन झाली, आणि पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालीम मंडळे आजही शाहू स्टेडियमवर गर्दी खेचतात. त्यांच्या संघांत राहुरीचा मुलगा, लोणेरेचा मुलगा, शिवाजी विद्यापीठाचा मुलगा आणि कोणत्याच विद्यापीठाचा नसलेला शिरोलीचा आयटीआयवाला एकाच रंगाची जर्सी घालून खेळतात; त्यांची संलग्नता कोणी विचारत नाही, पेठ विचारतात. जिल्ह्यातील सर्व महाविद्यालयांची, मग ती कोणत्याही विद्यापीठाची असोत, अशी एक वार्षिक स्पर्धा असोसिएशनच्या धर्तीवर भरावी, कबड्डी व खो-खोपासून तिची सुरुवात व्हावी, सामने आळीपाळीने तालुक्यांतील लहान महाविद्यालयांच्या मैदानांवर व्हावेत, आणि तिचा खर्च शिरोली व गोकुळ शिरगावच्या कारखानदारांनी उचलावा, कारण झोनल खेळलेली माणसे आज त्यांच्याच पाळ्यांवर आहेत. प्रवेश-अर्जात महाविद्यालयाचे नाव, गाव आणि खेळ एवढे तीन रकाने पुरेत.