शेवटच्या धावणाऱ्याची नोंद

मराठी कागदपत्रांत धावणारी माणसे पुष्कळ आहेत, त्यांची नावे मात्र फार थोडी. जासूद, कासीद, हरकारे आणि पुढे इंग्रजी अमलात टपालाची थैली घेऊन पळणारे गडी, अशी ही पायाळूंची मोठी जमात. मी इतिहासाचा पदवीधर नाही. जन्म हिशेबाच्या नोकरीत गेला, मोडी शिकलो तो चाळिशीत, आणि कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात (स्थापना १८६४) बसून जे वाचता आले तेवढेच माझे शिक्षण. गेली काही वर्षे या धावणाऱ्यांच्या नोंदी मी जमवतो आहे. ज्याच्या पायांवर राज्याचा कारभार चालला त्या माणसाची नोंद कुणी ठेवली आणि किती ठेवली, एवढाच माझा प्रश्न आहे.

पेशवेकालीन पत्रांत ही माणसे भेटतात ती बहुधा 'जासूद जोडी' म्हणून. वाटेत एकाला काही झाले तर पत्र अडू नये, यासाठी दोघे. घाईचे पत्र असेल तर 'अजुरदार' जोडी. अजुरा म्हणजे मजुरी. अमुक दिवसांत पत्र पोचवायचे असा करार, लवकर पोचले तर बक्षीस आणि उशीर झाला तर मजुरीत काट. म्हणजे वेळ लावून धावणे हा प्रकार आपल्याकडे काही विलायतेहून आलेला नाही. फक्त वेळ मोजणारा आणि धावणारा हे दोघे निरनिराळे होते. मोजणाऱ्याच्या दप्तरात दिवस लिहिले गेले आणि धावणारा 'जोडी' या एका शब्दात मावला.

पानिपतच्या बातमीचेच पाहा. लढाई १४ जानेवारी १७६१ ची. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेकडे निघाले होते. भेलशाच्या मुक्कामी, २४ जानेवारीच्या सुमारास, सावकारांची सांकेतिक चिठ्ठी घेऊन दक्षिणेकडे निघालेला कासीद त्यांच्या हाती लागला. त्या चिठ्ठीतला मजकूर महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. दहा दिवसांत पानिपतापासून भेलशापर्यंतचा मुलूख तुडवत ती चिठ्ठी आणणाऱ्याचे नाव आपल्याला कोणत्याही वर्गात शिकवले गेले नाही. इतिहासातली ही फार मोठी धाव, आणि तिच्या निकालपत्रात धावणाऱ्याची जागा कोरी.

आमचे कल्याण या धावपळीच्या वाटेवरचेच गाव. अठराव्या शतकात रामजी महादेव बिवलकर इथे सुभेदार होते. सुभेदार वाड्याचे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. कल्याणचा माल नाणेघाटाने जुन्नरला चढत असे, ती वाट तर सातवाहनांपासूनची. सुभ्याचे कागद पुण्याला जात तेही घाट चढूनच. आज आपण घाटवाटांना 'ट्रेक' म्हणतो आणि वर जाऊन फोटो काढतो. त्या वाटांवर पावसाळ्यात, भिजू नये म्हणून मेणकापडात गुंडाळलेला कागद घेऊन पळणाऱ्याच्या पोटऱ्यांचा विचार मनात आला की मला घाटमाथ्यावरचा वारासुद्धा वेगळा लागतो. असो.

मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यापर्यंत, १ मे १८५४ ला कल्याणपर्यंत. बोरघाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला तेव्हा पुण्याकडे पायी पळणाऱ्या टपालाचे प्रयोजनच उरले नाही. आडगावांत हरकारे राहिले, हातात घुंगरांची काठी आणि खांद्यावर थैली घेऊन. पण रेल्वेने आणखी एक वस्तू आणली: मिनिटांत मोजलेली वेळ. त्याआधी प्रहर होते, घटका होत्या. आता स्टेशनातले घड्याळ आले, आणि तेही इथले नव्हे. रेल्वे पुढे मद्रासची वेळ पाळू लागली, आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा अर्धा तास पुढे होती. १९०५-०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. मुंबईत त्यावरून मोठे वादंग झाले, गिरणीकामगारांनी जानेवारी १९०६ मध्ये दगडफेकीपर्यंत निषेध केला आणि शहराने आपली जुनी वेळ कुठे कुठे १९५५ पर्यंत जपली. घड्याळ कुणाचे, हा प्रश्न माणसे किती जिवाशी लावून घेतात ते यावरून कळते. कामगाराला ठाऊक होते की घड्याळाचा काटा पुढे सरकवला तर आपली पहाट कुणीतरी खातो.

तेव्हापासून कल्याणकर वेळ लावून धावतोच आहे. आठ-बाराची फास्ट पकडण्यासाठी जिना उतरताना आम्ही रोज जी धाव काढतो, तिची नोंद मात्र कुणी ठेवत नाही.

खेळ म्हणून धावण्याची नोंद आपल्याकडे कशी सुरू झाली, ती हकिगतही सांगण्यासारखी आहे. पुण्याची डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ ची. सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. १९१९ च्या सुमारास तिथल्या शर्यतींत खेड्यापाड्यांतली शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावली, खडीच्या कडक रस्त्यांवरून लांब पल्ल्याची शर्यत पुण्याच्या रस्त्यात येऊन संपली, आणि घड्याळे लावून पाहिले तेव्हा दोराबजींच्या लक्षात आले की यांतल्या काहींच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळपास जातात. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानातून माणसे पाठवण्याची कल्पना निघाली. बेळगावकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर, नेहमीपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. ते एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत. पहिला आलेला फिनलंडचा हॅनेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटांत. याच शर्यतीत सदाशिव दातारही होते. शर्यत पुरी करणाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव नाही.

चौगुल्यांचे नाव वाचले, कारण ते अँटवर्पला गेले. पुण्याच्या त्या शर्यतीत त्यांच्यासारखेच अनवाणी धावलेले, पण पन्नासावे किंवा सत्तरावे आलेले जे होते, त्यांचे काय? घड्याळ पहिल्यांसाठी लावले होते. पहिले आत आले की घड्याळवाल्यांचे काम संपते. उरलेले आपापल्या गावच्या वाटेला लागतात. मला या उरलेल्यांचा लळा आहे. हे संशोधकाला शोभणारे तटस्थपण नव्हे, हे मान्य.

आता थोडे लांबचे सांगतो, पण विषय तोच आहे. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या नैर्ऋत्येला टेडिंग्टनजवळच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट नावाच्या गृहस्थाने मित्रांना शनिवारी सकाळी पाच किलोमीटर धावायला बोलावले. स्वतः तो दुखापतीमुळे धावू शकत नव्हता, नोकरीही गेली होती. धावणारे तेरा आणि मदतीला पाच जण. वेळ त्यानेच लावली. कोण कितवा आला हे कळावे म्हणून लोखंडी वस्तूंच्या दुकानातून वॉशर आणून त्यांवर आकडे ठोकले होते. फी नव्हती, बक्षीस नव्हते. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी, विंबल्डन कॉमनवर, हा प्रकार सुरू व्हायला २००७ उजाडले. आज 'पार्करन' या नावाने तो वीसेक देशांत चालतो. दक्षिण आफ्रिकेत २०११ साली ब्रूस फोर्डाइस या नामांकित धावपटूने तो नेला.

भाच्याकडे राहायला गेलो असताना मी त्याच बुशी पार्कमध्ये दोनदा धावलो. धावलो म्हणजे निम्मे चाललो. हरणे चरत होती, हजारावर माणसे जमली होती, आणि मी धावण्यापेक्षा हिशेबच जास्त पाहिला. शेवटच्या रेषेवर एक जण प्रत्येक माणूस ओलांडताना बटण दाबतो: किती वेळ झाला त्याची नोंद. पुढे दुसरा प्रत्येकाच्या हातात क्रमांकाचा बिल्ला देतो. तिसरा तो बिल्ला आणि ज्याच्या त्याच्या नावाचा बारकोड वाचून घेतो. नोकरीच्या भाषेत सांगायचे तर एक रोजकीर्द आणि एक खतावणी. संध्याकाळी दोन्ही ताळ्यात आणल्या की निकाल तयार. बटण दाबणारे, बिल्ले देणारे सगळे बिनपगारी, बरेचसे एरवी स्वतः धावणारे. सगळ्यांच्या मागून एक स्वयंसेवक मुद्दाम चालत येतो, म्हणजे शेवटचा कुणीच ठरत नाही. मी ४३ मिनिटे घेतली. पाठीमागे अजून बरेच होते, आणि घड्याळ चालू होते.

निकाल वाचताना एका ओळीवर मी थांबलो. भाच्याचा शेजारी बारकोड घरी विसरून आला होता. त्याचा क्रमांक यादीत होता, वेळ नव्हती, आणि नावाच्या जागी 'अनोळखी' असे लिहिले होते. पण ओळ होती. मला जासूद जोडी आठवली. नाव ठाऊक नसले तरी 'इथे एक माणूस धावला' ही जागा राखून ठेवण्याची समज त्या यादीत आहे. आमच्या दप्तरांत ती नव्हती आणि जिमखान्यांतही नव्हती.

अर्थात तिथेही सगळे सुरळीत नाही. २०१६ साली ब्रिस्टलजवळच्या स्टोक गिफर्ड इथल्या स्थानिक परिषदेने, उद्यान झिजते म्हणून, पार्करनकडे दर धावणाऱ्यामागे एक पौंड मागायचे ठरवले. आयोजकांनी नकार दिला आणि लिटल स्टोकची शनिवारची धाव बंद पडली. परिषदेचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. वाटा कुणीतरी दुरुस्त करतोच. पण एकदा रुपया घेतला की वहीत नाव फक्त रुपया देणाऱ्याचे राहते. २०२४ मध्ये पार्करनने विक्रमवीरांच्या याद्या संकेतस्थळावरून काढून टाकल्या तेव्हा अनेक जुने धावणारे चिडले. त्यांचे दुःख मला कळते, नोंद पुसली की माझ्याही पोटात गोळा येतो. तरीही प्रत्येक शनिवारची पूर्ण यादी राहिली आणि 'सर्वांत वेगवान' अशी वेगळी पाटी गेली, हे मला गैर वाटले नाही.

आपल्याकडे धावण्याची हौस कमी नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईची आजच्या रूपातली २००४ पासूनची, ठाण्यात महापालिकेची पावसाळ्यातली महापौर वर्षा मॅरेथॉन तर घरोघर माहीत. पण या साऱ्या वर्षातून एकदा. सण आणि दिनचर्या यांत फरक आहे. दर आठवड्याला, फुकट, वेळ लावून आणि प्रत्येकाची नोंद ठेवून, असे काही कल्याणात नव्हते. म्हणून परत आल्यावर आम्ही चौघांनी काळ्या तलावावर (पालिकेच्या पाटीवर 'भगवा तलाव') दर रविवारी सकाळी सहाला जमायला सुरुवात केली. बारकोड नाही. दोनशे पानी वही, एक मोबाइलचे घड्याळ, आणि आकडे घातलेले पुठ्ठे. फेऱ्या ठरलेल्या. मी धावत नाही, वही सांभाळतो.

पहिला वाद आमच्यातच झाला. निवृत्त मास्तर असलेले एक स्नेही म्हणाले, "वेळ लिहिलीत की शर्यत झाली. मग म्हातारे आणि बायका येणार नाहीत." मी म्हणालो, "न लिहिले तर ते आले होते हे दहा वर्षांनी कळणार कसे?" शेवटी ठरले की वहीत क्रम आल्याप्रमाणे लिहायचा, पण कुणी मागितल्याशिवाय वाचून दाखवायचा नाही. आकडे वाढले नाहीत फार. पावसात सहा जण, थंडीत तीसपर्यंत. इडलीवाल्याचा मुलगा सर्वांत पुढे असतो. त्याला हे वही प्रकरण हास्यास्पद वाटते.

गेल्या पावसाळ्यात एक बाई येऊ लागल्या. सलवार-कमीज, पायांत साध्या चपला, फेऱ्या मात्र चुकवत नसत. तीन रविवार मी त्यांच्या ओळीत 'अनोळखी' लिहिले. चौथ्या रविवारी पेन पुढे करून म्हणालो, "ताई, नाव सांगा, लिहून ठेवतो."

"नाव कशाला, काका?" त्या म्हणाल्या. "किती मिनिटं झाली ते सांगा. मला साडेसातला कामावर पोचायचंय, घरनं कधी निघायचं त्याचा अंदाज लागतो."

मी मिनिटे सांगितली. एकोणचाळीस. त्या मनाशी काहीतरी हिशेब करत शिवाजी चौकाच्या दिशेने निघून गेल्या. वहीत त्यांच्या अकरा ओळी आहेत, अकराही अनोळखी, आणि प्रत्येकीपुढे वेळ.