बोनस: तेराव्या पगाराची कुळकथा

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की मोबाइलवर एक निरोप न चुकता येतो. पूर्वी म्हणे आपल्याकडे पगार आठवड्याला मिळायचा. वर्षाचे आठवडे 52, चार आठवड्यांचा महिना धरला तर पगार तेरा. इंग्रजांनी महिन्याचा पगार सुरू केला आणि कामगाराचा एक पगार गिळला. महाराष्ट्रातल्या कामगारांनी ओरड केली, तेव्हा तो दिवाळीला परत मिळू लागला, तोच बोनस.

हिशेब बिनचूक आहे. गोष्टीला मात्र बूड नाही. मुंबईच्या गिरण्यांत पगार एकोणिसाव्या शतकापासून महिन्याचाच होता, आणि तोही पुढचा महिना निम्मा सरल्यावर हातात पडायचा. मधले दिवस वाण्याच्या उधारीवर आणि पठाणाच्या व्याजावर. पंधरवड्याचा पगार होता तो अहमदाबादेत. म्हणजे ज्या शहरातला कामगार बोनससाठी सगळ्यांत जास्त भांडला, त्या मुंबईत गिळायला आठवड्याचा पगारच नव्हता.

सणाला हातावर काही ठेवायचा रिवाज मात्र खरंच जुना. त्याला मराठीत शब्द आहे: पोस्त. घरचा गडी, पाणक्या, झाडूवाला दिवाळीची पोस्त मागायचे, शिमग्याचीही मागायचे. पोस्त मागावी लागते, आणि ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते. पुढच्या साऱ्या भांडणाचं मूळ एवढंच: बोनस ही पोस्त की पगार?

बोनस हा शब्द मूळचा लॅटिन, अर्थ नुसता ‘चांगला’. आपल्या गिरण्यांत तो शिरला पहिल्या महायुद्धात. परदेशी कापडाची आवक घटली, गिरण्यांचा नफा फुगला, इकडे धान्य महागलं. 1917 मध्ये मुंबई आणि अहमदाबादच्या मालकांनी पगारावर दहा टक्के ‘युद्ध बोनस’ दिला. पगारच का वाढवला नाही? वाढवलेला पगार खाली आणायला जड जातो, बोनस युद्धाबरोबर आवरता घेता येतो. त्याच वर्षी अहमदाबादेत प्लेग आला. कामगार गावी पळू नयेत म्हणून ‘प्लेग बोनस’ निघाला, काही जणांना पगाराच्या 70-80 टक्क्यांपर्यंत. साथ ओसरताच मालकांनी तो काढून घेतला. त्यातून 1918चा संप झाला, गांधीजींचं उपोषण झालं. कामगारांच्या बाजूला अनसूया साराभाई, समोर मालकांचे पुढारी म्हणून त्यांचेच सख्खे भाऊ अंबालाल.

खरी कसोटी मुंबईत लागली. युद्धानंतरही नफा चांगला होता, म्हणून चार वर्षं ओळीनं गिरण्यांनी एक महिन्याचा पगार बोनस दिला. त्यात दिवाळी कुठेच नव्हती. वर्ष सरलं की जानेवारीत तो मिळायचा. 1923च्या जुलैत मालकांनी जाहीर केलं, यंदा बोनस नाही. कामगाराच्या लेखी चारदा मिळालं ते ठरलेलं झालं होतं. त्या भरवशावर त्यानं गावी शब्द दिला असणार, कर्ज काढलं असणार. 1924च्या जानेवारीत दीड लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि मार्च संपत येईपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. गोळीबार झाला, माणसं मेली. सरकारनं हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांची समिती नेमली. तिनं निकाल दिला की बोनसवर कामगारांचा हक्क बसत नाही. ना रिवाजानं, ना कायद्यानं, ना न्यायबुद्धीनं. थोडक्यात, पोस्तच. कामगार रिकाम्या हातानं कामावर परतले.

मोबाइलवरच्या त्या निरोपाचा मला राग येतो तो इथे. त्यात हे दोन-सव्वादोन महिने नाहीत, नुसता एक भागाकार आहे.

दुसऱ्या महायुद्धात नफा पुन्हा फुगला आणि प्रश्न लवादांपुढे गेला. तिथे न्यायाधीशांची भाषा बदलू लागली: नफा भांडवल आणि श्रम दोघांनी मिळून कमावलेला, मग वाटाही दोघांचा. 1950 मध्ये मुंबईचा गिरणी मालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या दाव्यात कामगार अपील न्यायाधिकरणानं सूत्रच बांधून दिलं. ढोबळ नफ्यातून घसारा, यंत्रं बदलण्याची तरतूद, आयकर, भरणा झालेल्या भांडवलावर सहा टक्के आणि चालू कामात लावलेल्या गंगाजळीवर त्याहून कमी परतावा वजा करायचा. उरेल त्यात कामगाराचा वाटा. उरतंय की नाही यावर पुढची पंधरा वर्षं वकिलांची दिवाळी झाली. शेवटी 1961 साली नेमलेल्या मेहेर आयोगाच्या अहवालावरून 1965चा बोनस कायदा आला: किमान चार टक्के, कमाल वीस. तोटा झाला तरी किमान बोनस द्यायचाच.

1972 मध्ये किमान आकडा 8.33 झाला. शंभराला बाराने भागा, म्हणजे तेरावा पगार दिसेल. ती आठवड्यांची गोष्ट या आकड्यावरून मागे जाऊन कुणीतरी रचली असावी, असा माझा तर्क आहे. आणीबाणीत, 1975 साली, हा किमान आकडा पुन्हा चारवर आणला गेला आणि 1977 मध्ये परत 8.33 झाला. रेल्वेवाल्यांना बोनस 1974च्या संपात मागूनही मिळाला नव्हता. 1979 मध्ये उत्पादकतेशी जोडून मिळाला. आणि 1982चा गिरणी संप? त्याची ठिणगीही 1981च्या दिवाळीतल्या बोनसच्या भांडणातच पडली.

एका छोट्या कारखान्यात मी काही वर्षं बोनसचं रजिस्टर लिहिलं. नमुना ‘क’. नाव, वडिलांचं नाव, कामाचे दिवस, वर्षाचा पगार, देय बोनस आणि मग वजावटीचे रकाने. 2015च्या दुरुस्तीनं महिना 21 हजारांपर्यंत पगार असणारे बोनसला पात्र झाले, पण हिशेबाला धरायचे सात हजार किंवा किमान वेतन, जे जास्त असेल ते. सात हजार धरले तर वर्षाचे 84 हजार, त्याचे 8.33 टक्के 6,997 रुपये 20 पैसे. पूर्ण पगाराला 2 रुपये 80 पैसे कमी. हे ऐकून आमचा एक फिटर म्हणाला, “साहेब, एवढे पण नाही सोडले?”

त्या रजिस्टरात एक रकाना ‘पूजा बोनस किंवा अन्य रूढ बोनस’ असा होता. पूजा म्हणजे बंगालची दुर्गापूजा. ज्या कायद्यासाठी गिरणगाव भांडलं, त्याच्या कलमांत दिवाळीचं नाव नव्हतं. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यायचा, एवढंच तो सांगायचा. मार्चअखेर धरली तर मुदत 30 नोव्हेंबरला संपते आणि दिवाळी त्याच्या आत येते. पूजेच्या रकान्यात मी दर वर्षी ‘निरंक’ लिहायचो.

तो कायदा आता 2019च्या वेतन संहितेत सामावला आहे, 8.33 ऐवजी आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के करून आणि आठ महिने तसेच ठेवून. पात्रतेची अटही तीच: वर्षात 30 दिवस काम. मध्येच नोकरी सोडली असेल तरी तेवढ्या दिवसांचा बोनस तुमचा असतो. जुन्या ठिकाणी जाऊन मागा.