'सेट' : कोशकारांना पुरून उरलेला शब्द

१८७९ साली मिल हिल येथील शाळेतील एक शिक्षक जेम्स मरे यांनी इंग्रजीच्या बृहत्कोशाचे संपादन अंगावर घेतले, तेव्हा आधीच्या वीस वर्षांत स्वयंसेवी वाचकांनी जमवलेल्या चिठ्ठ्यांचे ढीग त्यांच्या पदरी आले. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द आणि तो ज्या वाक्यात आढळला ते वाक्य. गठ्ठे सोडल्यावर मरे चकित झाले. 'अब्यूजन' या केव्हाच मागे पडलेल्या शब्दाची सुमारे ५० उदाहरणे होती. 'अब्यूज' या रोजच्या शब्दाची मात्र पाचही नव्हती.

यात वाचकांचा आळस नव्हता. अनोळखी शब्द डोळ्यांत भरतो. नित्याच्या शब्दावरून नजर सरळ पुढे जाते. म्हणूनच मरे यांनी नवे आवाहन काढताना साध्या शब्दांचीही उदाहरणे मुद्दाम मागवली. कोशकाराचा घाम काढतात ते हेच साधे शब्द, आणि त्यांत अग्रमान दीर्घकाळ 'सेट'कडे राहिला.

'एस' या अक्षराचा आरंभीचा भाग हेन्री ब्रॅडली यांच्याकडे होता. शेफील्डमधील सुऱ्या-कात्र्यांच्या एका पेढीत कारकुनी करता करता भाषा शिकलेला हा विलक्षण माणूस. 'सेट' त्यांच्या वाट्याला आला.

मुळात हा शब्द अगदी सरळ. जुन्या इंग्रजीतील 'सेटान' म्हणजे बसवणे. 'सिट', म्हणजे बसणे, या क्रियापदाचे ते प्रयोजक रूप. संस्कृतातील 'सद्' धातू आणि त्याचे 'सादयति' हे रूप याच प्राचीन घराण्यातले. म्हणजे 'उपनिषद', 'संसद' आणि 'सभासद' हे 'सेट'चे दूरचे आप्त ठरतात. मराठी 'बसणे' मात्र दुसऱ्या कुळातले, 'उपविश्'पासून आलेले. तरीही अर्थांची वाट काही अंतर एकच आहे. खडा कोंदणात बसवतात, निखळलेले हाड बसवतात. इंग्रजीत या दोन्ही कामांना 'सेट'च लागतो.

पुढे मात्र त्याला धरबंध उरत नाही. सूर्य 'सेट' होतो म्हणजे मावळतो. जेली 'सेट' होते म्हणजे घट्ट होते. घड्याळ लावणे, सापळा लावणे, परीक्षेचा पेपर काढणे, कवितेला चाल लावणे, सारे 'सेट'. शेजारी एक चिमुकले अव्यय येऊन बसले की सगळेच बदलते. 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणे, 'सेट इन' म्हणजे पावसाने किंवा थंडीने मुक्काम ठोकणे. 'सेट अप'ने संस्था उभी राहते आणि बोलीभाषेत त्यानेच निरपराध माणूस गोवलाही जातो. हे अर्थ 'बसवणे'तून तर्काने काढू म्हणणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. ते वापरातूनच शिकावे लागतात.

त्यातच एक तोतया. 'संच' या अर्थाचा 'सेट' मुळात वेगळाच शब्द आहे. तो लॅटिन 'सेक्टा'वरून, जुन्या फ्रेंचमार्गे आला. 'सेक्टा' म्हणजे अनुयायांचा मेळा. पंथवाचक 'सेक्ट' हा शब्दही त्याचाच. उच्चार जुळले, अर्थही एकमेकांत मिसळले आणि दोन कुळांचे एक घर झाले. मराठी घरांत कपाटात जपून ठेवलेला चहाचा सेट असा धर्मपंथाचा भाऊबंद आहे!

मरे १९१५ मध्ये गेले, ब्रॅडली १९२३ मध्ये. कोश पुरा झाला तो १९२८ साली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाची नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती. नुसत्या क्रियापदाचे अर्थ ४३०, जोडरूपे आणि वाक्प्रचार निराळे.

पुढच्या सुधारणेत २००० साली 'मेक'ने, २००७ साली 'पुट'ने हा विक्रम मागे टाकला. २०११ मध्ये ६४५ अर्थांसह अग्रस्थान गेले 'रन'कडे, क्रिकेटमुळे मराठी पोरासोरांच्याही तोंडी असलेल्या शब्दाकडे. त्याची नोंद सिद्ध करण्यास कोशकार पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने लागले.