आरक्षण अवकाशातही लागले!

'विज्ञानात जात नसते, तिथे फक्त मेरिट चालते,' हे वाक्य आपल्या मुलामुलींना कॉलेजात, मुलाखतीत, व्हॉट्सॲपवर सतत ऐकावे लागते. त्याला उत्तर म्हणून आम्ही अवकाशाच्याच इतिहासातले एक प्रकरण पुढे ठेवत आहोत.

१९६७ साली अवकाश करार झाला. अवकाशावर कोणत्याही देशाची मालकी नाही, सर्व देशांना ते भेदभावाविना वापरता येईल, असे त्यात लिहिले गेले. असे चांगले कागद आपण आधीही पाहिले आहेत. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. तरीही अस्पृश्यांना पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर चालत जावे लागले. कागदावरचे 'सर्वांचे' आणि हातात आलेले 'सर्वांचे' यांत एवढे अंतर असते.

अवकाशातले असे तळे म्हणजे भूस्थिर कक्षा. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीवरून एका जागी स्थिर दिसतो. टीव्ही आणि टेलिफोनसाठी ही जागा सोन्यासारखी. पण एकाच लहरींवरचे उपग्रह फार जवळ ठेवले तर संदेश एकमेकांत मिसळतात. म्हणजे जागा मोजक्याच. त्या मिळण्याचा नियम काय होता? जो आधी येईल त्याची जागा.

दिसायला हा नियम निःपक्षपाती. पण आधी कोण येणार? ज्यांच्याकडे रॉकेट, पैसा आणि वसाहतींच्या लुटीवर उभी राहिलेली विद्यापीठे होती तेच. १९७६ साली कोलंबिया, केनिया, इंडोनेशिया आदी विषुववृत्तीय देशांनी बोगोटा जाहीरनामा काढून आपल्या डोक्यावरच्या कक्षेवर हक्क सांगितला. तो दावा जगाने मानला नाही. पण प्रश्न मिटला नाही. १९७९ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या परिषदेत भारतासह विकसनशील देशांनी समान संधीच्या हमीची मागणी लावून धरली. 'आधीच जागा राखल्या तर त्या वाया जातील, तंत्रज्ञान मागे पडेल,' असे अमेरिकेसारखे प्रगत देश म्हणत होते. ओळखीचा वाटतो ना हा युक्तिवाद?

अखेर १९८८ साली ठरावीक लहरींसाठी प्रत्येक सदस्य देशाला कक्षेत किमान एक जागा राखून देणारी योजना मंजूर झाली. हे आरक्षण नाही तर काय?

जागा राखली म्हणून उपग्रह आपोआप उडत नाही. पैसा, कारखाने, शिक्षण नसलेल्या अनेक देशांच्या जागा रिकाम्या राहिल्या. पण म्हणून कोणी त्या देशांना नालायक ठरवत नाही. आमच्या अनुशेषाची पदे रिकामी राहिली की मात्र 'लायक उमेदवारच मिळत नाहीत' असे सांगितले जाते.

आता देशातला प्रश्न. २०२० पासून भारताने अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना मोकळे केले. संविधानाच्या कलम १६(४) मधील आरक्षण सरकारी नोकऱ्यांना लागू आहे, खासगी कंपन्यांना नाही. जिनिव्हात उशिरा आलेल्यांसाठी जागा मागणारा देश घरात 'जो आधी येईल त्याचे' म्हणणार का? सरकारी प्रयोगशाळा, प्रक्षेपण केंद्रे आणि निधी वापरणाऱ्या कंपन्यांवर प्रतिनिधित्वाची अट घातलीच पाहिजे. ही मागणी आपणच लावून धरायची आहे.

अवकाश धोरण हा फक्त शास्त्रज्ञांचा विषय नाही. कोणाला जागा मिळते हे समाज ठरवतो, आणि समाज बदलता येतो.

जय भीम!