खाते उघडताना : एका कोऱ्या चौकटीचा इतिहास

१/ मायक्रोब्लॉगिंगचे नवे खाते उघडणारा माणूस नाव निवडतो, मोजक्या अक्षरांत पहिली नोंद लिहितो, कुणाला अनुसरायचे ते ठरवतो, हॅशटॅग लावतो आणि दुसऱ्याची नोंद पुढे पाठवतो. काम पाच मिनिटांचे. परंतु यातील प्रत्येक पायरीला इतिहास आहे आणि त्यांतील अनेक पायऱ्या कंपन्यांनी नव्हे, सामान्य वापरकर्त्यांनी घडवल्या. त्या इतिहासाचा हा धागा.

२/ आरंभ २००५ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोतला. नोआ ग्लास आणि इव्हान विल्यम्स यांची ओडिओ ही पॉडकास्ट कंपनी तेथे नुकतीच उभी राहत होती. विल्यम्स यांनी त्यापूर्वी ब्लॉगर ही सेवा उभारून २००३ मध्ये गूगलला विकली होती. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्येच पॉडकास्टची सोय केली आणि ओडिओच्या व्यवसायाचा पायाच खचला. कंपनीला नवी कल्पना हवी होती.

३/ त्याच कंपनीतील जॅक डॉर्सी या तरुण अभियंत्याच्या डोक्यात एक साधा विचार होता : आपण या क्षणी काय करत आहोत, हे एका एसएमएसने सर्व मित्रांना कळवता यावे. कल्पना अगदीच निराधार नव्हती. २००४ मध्ये अमेरिकेतील दोन्ही प्रमुख पक्षांच्या अधिवेशनांवेळी निदर्शकांनी टेक्स्टमॉब नावाची सामूहिक एसएमएस सेवा वापरली होती आणि तिचा अनुभव असलेली माणसे ओडिओत काम करत होती.

४/ २१ मार्च २००६ रोजी डॉर्सी यांनी पहिली नोंद टाकली. इंग्रजीतील पाच शब्द. आशय इतकाच : आपले खाते सुरू करतो आहे. म्हणजे या माध्यमातील पहिले वाक्यच खाते उघडण्याविषयीचे होते. सेवेचे नाव तेव्हा स्वर गाळून, केवळ पाच व्यंजनांत लिहिले जाई. नाव सुचवण्याचे श्रेय प्रामुख्याने ग्लास यांना दिले जाते. त्यांना मात्र त्याच वर्षी कंपनीतून बाहेर पडावे लागले.

५/ आता अक्षरमर्यादेकडे वळू. १४० हा आकडा कुठून आला? त्याचे मूळ ट्विटरपेक्षा वीस वर्षांनी जुने आहे. १९८५ मध्ये जर्मनीतील बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांड हे दूरसंचार अभियंते टंकलेखन यंत्रावर मनात येतील ती वाक्ये आणि प्रश्न लिहून त्यांतील अक्षरे मोजत होते. बहुतेक मजकूर १६० अक्षरांच्या आत संपत होता. पोस्टकार्डे आणि टेलेक्स संदेशांचा दाखलाही त्यांनी घेतला.

६/ पुढे एसएमएसची मर्यादा १६० अक्षरे ठरली. ट्विटर एसएमएसवर चालणार असल्याने नोंद त्याच मापात बसवणे भाग होते. त्यातील २० अक्षरे पाठवणाऱ्याच्या नावासाठी राखून ठेवली गेली आणि मजकुरासाठी १४० उरली. संक्षिप्त लेखनाची जी शैली पुढे जगभर रूढ झाली, तिचा उगम अशा तांत्रिक तडजोडीत आहे.

७/ या मापात मराठी कुठे बसत होती? एसएमएसच्या एका संदेशात १४० बाइट मावतात. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे. देवनागरीला मात्र प्रत्येक चिन्हासाठी सोळा बिट लागतात, म्हणून केवळ ७० चिन्हे. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजले जातात. ‘स्त्री’ हे एक अक्षर यंत्राच्या हिशेबी सहा चिन्हांचे होते.

८/ मोबाइलवर मराठी माणसे दीर्घकाळ रोमन लिपीत मराठी लिहीत राहिली, त्यामागे कळफलकाच्या अडचणीइतकेच हेही गणित होते. ट्विटरच्या संकेतस्थळावर देवनागरीलाही १४० चिन्हे मिळत. नोव्हेंबर २०१७ मध्ये मर्यादा २८० झाली, तेव्हा चिनी, जपानी आणि कोरियन या भाषांना वगळण्यात आले, कारण त्यांत थोड्या चिन्हांत पुष्कळ मजकूर मावतो. देवनागरीला पूर्ण २८० मिळाली.

९/ १५ जुलै २००६ रोजी सेवा सर्वांसाठी खुली झाली. कोऱ्या चौकटीवर प्रश्न असे : तुम्ही काय करत आहात? लोक जेवणाविषयी, झोपेविषयी, रहदारीविषयी लिहीत. अनेकांना हा वेळेचा अपव्यय वाटला. मार्च २००७ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथील ‘साउथ बाय साउथवेस्ट’ महोत्सवात मोठ्या पडद्यांवर या नोंदी झळकल्या आणि दैनंदिन नोंदींची संख्या सुमारे २०,००० वरून ६०,००० वर गेली.

१०/ अनुसरणे, ही तिसरी पायरी. फेसबुकवरील मैत्री दोन्ही बाजूंनी मान्य व्हावी लागे. ट्विटरवर ते बंधन नव्हते. एखाद्या मंत्र्याला, शास्त्रज्ञाला किंवा खेळाडूला कुणीही त्याच्या अनुमतीशिवाय अनुसरू शकत असे आणि त्याने उलट अनुसरण्याची गरज नव्हती. ओळख नसलेल्या माणसाचे बोलणे रोज ऐकण्याची ही मुभा या माध्यमाला वृत्तपत्राच्या जवळ घेऊन गेली.

११/ परंतु या चौकटीत संवादाची सोयच नव्हती. एखाद्याला उद्देशून बोलायचे कसे? २००६ च्या अखेरीस काही वापरकर्त्यांनी नावापुढे @ हे चिन्ह लावायला सुरुवात केली. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी ई-मेलच्या पत्त्यासाठी निवडलेले हे चिन्ह संगणकावर वावरणाऱ्यांच्या सवयीचे होते. कंपनीने ती पद्धत २००७ मध्ये आपल्या रचनेत सामावून घेतली.

१२/ चौथी पायरी हॅशटॅगची. २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना या वापरकर्त्याने सुचवले की गटांसाठी # हे चिन्ह वापरावे. आयआरसी या जुन्या गप्पा-प्रणालीत दालनांच्या नावापुढे हे चिन्ह असे, तेथून ही कल्पना आली. कंपनीतील लोकांना ती फारच तंत्रवेड्यांची वाटली, असे मेसिना यांनी पुढे सांगितले आहे. त्यांनी या कल्पनेचे पेटंट कधीच घेतले नाही.

१३/ दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २००७ मध्ये, कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो परिसरात वणवे पेटले. स्थानिक रहिवाशांनी आगीची वाटचाल, बंद रस्ते आणि निवाऱ्यांची माहिती एकाच हॅशटॅगखाली देण्यास सुरुवात केली. विखुरलेल्या नोंदी एका सूत्रात ओवल्या गेल्या आणि चिन्हाची उपयुक्तता सिद्ध झाली. कंपनीने हॅशटॅगला दुव्याचे रूप मात्र २००९ मध्ये दिले.

१४/ पाचवी पायरी, दुसऱ्याची नोंद पुढे पाठवण्याची. आरंभी लोक मूळ मजकूर हाताने उतरवत आणि त्याआधी ‘आरटी’ ही आद्याक्षरे व मूळ लेखकाचे नाव लिहीत. उतरवताना माणूस क्षणभर थांबे, मजकूर वाचे, कधी आपली टिप्पणी जोडे. २००९ च्या अखेरीस कंपनीने त्यासाठी बटण आणले आणि तो क्षण नाहीसा झाला. ते बटण घडवणाऱ्या गटाचे प्रमुख ख्रिस वेदरेल यांनी २०१९ मध्ये आपल्या या निर्मितीविषयी जाहीर खंत व्यक्त केली.

१५/ या खंतीचे कारण मुंबईने आधीच अनुभवले होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी हल्ला सुरू असताना शहरातील अनेकांनी जे दिसले, ऐकले ते ट्विटरवर लिहिले. रुग्णालयांची माहिती आणि रक्तदानाची आवाहने फिरली. त्याच वेगाने अफवाही फिरल्या. प्रत्यक्षदर्शीची नोंद आणि ऐकीव वार्ता एकाच चौकटीत, एकाच आकारात दिसत होत्या. साधनचिकित्सा शिकणाऱ्याने हा प्रसंग अवश्य अभ्यासावा.

१६/ पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, चौकटीवरील प्रश्न बदलला. ‘तुम्ही काय करत आहात?’ याच्या जागी ‘काय घडते आहे?’ असा प्रश्न आला. कंपनीने केलेला हा बदल वस्तुतः वापरकर्त्यांनी आधीच करून टाकलेल्या बदलाची कबुली होती. खासगी दिनक्रम कळवण्याचे साधन आता सार्वजनिक घटनांचे वृत्त देत होते.

१७/ मग बोलणारा खरा कोण, हा प्रश्न उभा राहिला. २००९ मध्ये अमेरिकेतील बेसबॉल प्रशिक्षक टोनी ला रुसा यांनी आपल्या नावाच्या बनावट खात्यावरून कंपनीवर दावा लावला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये खात्यांच्या पडताळणीची घोषणा झाली आणि निळी खूण आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती महिना ८ डॉलरला मिळू लागली. लगेच एका बनावट खात्याने एली लिली या औषध कंपनीच्या नावे इन्सुलिन मोफत झाल्याचे जाहीर केले. खऱ्या कंपनीला क्षमायाचना करून खुलासा द्यावा लागला.

१८/ आतापर्यंतचा सारांश असा : @, # आणि ‘आरटी’ या तीन रूढी वापरकर्त्यांच्या, कंपनीने त्या मागाहून स्वीकारल्या. भाषा लोकांनी घडवली. पण त्या भाषेत लिहिले गेलेले दप्तर कुणाच्या ताब्यात राहिले? इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने खाते उघडण्यातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो पहिल्या दिवशी कुणी विचारत नाही.

१९/ एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ट्विटरवरील सर्व सार्वजनिक नोंदी जतन करण्याचे घोषित केले. अभ्यासकांना तो सुवर्णयोग वाटला. डिसेंबर २०१७ मध्ये ग्रंथालयाने कळवले की १ जानेवारी २०१८ पासून केवळ निवडक नोंदीच घेतल्या जातील. तोवर जमा झालेला संग्रहही अभ्यासकांसाठी खुला झालेला नव्हता.

२०/ २७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी सुमारे ४४ अब्ज डॉलरना कंपनी विकत घेतली. जुलै २०२३ मध्ये तिचे नाव ‘एक्स’ झाले. संशोधकांना मोठ्या प्रमाणावर नोंदी अभ्यासण्यासाठी २०२१ पासून दिलेली विनामूल्य सोय २०२३ मध्ये बंद झाली. सामग्री तीच, लेखकही तेच. मालक बदलला आणि दप्तराचे दार बंद झाले.

२१/ इतर सेवांची कथा याहून वेगळी नाही. फिनलंडमधील जायकू २००६ मध्ये सुरू झाली, २००७ मध्ये गूगलने ती घेतली आणि २०१२ मध्ये बंद केली. भारतात २०२० मध्ये कू ही सेवा आली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिण्याची सोय हे तिचे वैशिष्ट्य होते. जुलै २०२४ मध्ये तिच्या संस्थापकांनी ती बंद करत असल्याचे जाहीर केले.

२२/ यावर एक उपाय जर्मनीतील ऑयगन रोश्को यांनी २०१६ मध्ये मांडला : मास्टोडॉन. एक मालक नाही. अनेक स्वतंत्र सर्व्हर आणि त्यांना जोडणारा समान नियमसंच. २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले. नाझी सलामीसाठी हात न उचलणाऱ्या माणसाचे प्रसिद्ध छायाचित्र हे त्यामागचे कारण होते. या प्रकरणानंतर अनेक भारतीय मास्टोडॉनवर गेले. तेथे एका सर्व्हरवरून दुसरीकडे जाताना अनुयायी सोबत नेता येतात. जुन्या नोंदी मात्र मागेच राहतात.

२३/ येथे महाराष्ट्रातील एका जुन्या दप्तराची आठवण उपयोगी पडेल. भोरजवळील कारी गावच्या जेधे घराण्यात सतराव्या शतकातील घटनांच्या त्रोटक, तिथीवार नोंदींचा एक दस्तऐवज पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला. तिथी आणि घटना, बस्स; पाल्हाळ नाही. लोकमान्य टिळकांच्या हाती तो आला आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शिवजन्माच्या तिथीच्या वादात जेधे शकावलीची एक ओळ निर्णायक पुरावा ठरली.

२४/ ती ओळ लिहिणाऱ्याला तिचे मोल ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती टिकली, कारण कागद घरात होता. आजचे दप्तर घरात नसते. सुदैवाने बहुतेक सेवा आपल्या नोंदींची संपूर्ण प्रत उतरवून घेण्याची सोय देतात. एक्सवर ती खात्याच्या सेटिंग्जमध्ये आहे. सेवा बंद होण्याची घोषणा झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा दर सहा महिन्यांनी ती प्रत घ्यावी.

२५/ नवे खाते उघडणाऱ्या इतिहासप्रेमीने म्हणून एवढे तरी पाळावे. नोंदीत तारीख आणि स्थळ स्पष्ट लिहावे. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवावे. पुढे पाठवण्याचे बटण दाबण्याआधी, हाताने उतरवणाऱ्या त्या जुन्या वापरकर्त्यांइतके तरी थांबावे. आणि आपल्या शकावलीची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. (समाप्त)