पणजीचा बांध कोण राखणार?

समुद्राची पातळी वाढतेय, आता पणजीनं काय करायचं, असं आपण विचारतो. आल्तिनो टेकडी आणि मांडवी यांच्यामधल्या दलदलीत भराव घालत हे शहर वाढलं. १८४३ साली राजधानी झालं. आजही मुसळधार पाऊस आणि भरती एकदम आली, की पाणी नदीत उतरत नाही.

पण गोव्याला हा प्रश्न नवा नाही. खाजन शेती बघा. खाडीकाठची सखल जमीन, भोवती मातीचे बांध आणि त्यांत 'मानस', म्हणजे भरतीला आपोआप मिटणारं, ओहोटीला उघडणारं लाकडी दार. पोर्तुगीज १५१० मध्ये आले, त्याच्याही आधीपासून गावकरी संस्था हे सगळं सांभाळत होती. १९६४च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. कसणाऱ्याला हक्क मिळाला, हे योग्यच झालं. पण पुढे बऱ्याच ठिकाणी बांधांकडे दुर्लक्ष झालं, खारं पाणी आत शिरलं, शेतं पडीक पडली.

म्हणून शहराचा नवा आराखडा हातात आला, की भिंतीची उंची आणि खर्च आपण जरूर पाहू. सोबत हेही विचारू: दर पावसाळ्याआधी ती तपासायला जाणार कोण, आणि त्याचे पैसे कुठून येणार?