सुरतेची वाट आणि जुन्या मोटारीचे ब्रेक

सुरत म्हटली की शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० सालच्या स्वाऱ्या आठवतात. दुसऱ्या स्वारीहून परतताना महाराजांस वणी-दिंडोरीपाशी मोगलांशी झुंजावे लागले. आज सुरतेची मराठी कुटुंबे सप्तशृंगीच्या दर्शनास सापुताऱ्यावरून त्याच वणीस येतात. जाताना चढ इंजिनाची परीक्षा पाहतो, परतताना उतार ब्रेकची.

एकदा दर्शन आटोपून आम्ही जुन्या फियाटमधून सुरतेकडे उतरत होतो. निम्म्या घाटात करपट वास आला आणि पेडल खोल जाऊ लागले. गाडीत मुलेबाळे होती. खालचा गिअर टाकून आम्ही गाडी कडेस घेतली व ब्रेक निवेपर्यंत थांबलो.

या ब्रेकची कथा जुनी आहे. १९०२ साली फ्रान्सच्या लुई रेनॉ यांनी ड्रम-ब्रेकला व्यवहार्य रूप दिले. चाकाबरोबर फिरणाऱ्या पोलादी वा बिडाच्या ड्रमवर आतून दोन शू दाबले जातात. १९२१ साली अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग मोटारीत चारही चाकांस तेलाच्या दाबाचे ब्रेक आले. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या फियाटमध्येही हीच रचना होती. त्या घराण्यातील पद्मिनी टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

आमच्या ब्रेकला झाले ते एवढेच: सतत दाबल्याने ड्रम तापून फुगला, शूपासून दूर गेला आणि लायनरची पकडही घटली. म्हणून उतारावर गिअरचाच आधार घ्यावा.

घरी दुरुस्ती करताना बाकीच्या चाकांस दगड लावावे, चाक जॅकवर उचलावे आणि मागील चाक असल्यास हँडब्रेक सोडावा. शू टेकेपर्यंत आवळून, चाक मोकळे फिरेल इतकेच ढिले करावे. पेडल मऊ लागल्यास तेलात हवा शिरली असे समजून ती काढावी. गाडी एका बाजूस ओढल्यास त्या जोडीतील लायनरला तेल लागले का ते पाहावे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ कधीही फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

पुढील यात्रेपूर्वी आम्ही चारही चाके तपासली. देवीस नारळ वाढविण्याआधी एवढी तयारी वाचकांनीही करावी, अशी विनंती आहे.